दरवर्षी एक उरण

उरण नगरपालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातले खुनाचे गुन्हे आहेत 28,522. म्हणजे दरसाल जवळजवळ एक अख्खं उरण शहर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच उरणच्या मोरा बंदराला लागेपर्यंत तासभर जातो; तेवढ्यात देशात सरासरी तीन खून झालेले असतात. 2021 मध्ये जगभरात हाच आकडा तासाला 52 होता.

‘जमाना बिघडला’ म्हणणारे त्या लाँचवर हमखास भेटतात. त्यांना 1953 ची नोंद दाखवावी. त्या साली खून 9,802, पण माणसंही जेमतेम सदतीस-अडतीस कोटी, लाखामागे 2.6 पडले. 1992 मध्ये आकडा 40,105 वर गेला, लाखामागे 4.6. आणि 2022 मध्ये? 2.1. नेहरूंच्या काळापेक्षाही कमी! 1992 चाच दर टिकला असता तर 2022 मध्ये 63 हजारांवर खून झाले असते. म्हणजे त्या एका वर्षात 35 हजारांच्या आसपास माणसं वाचली, आणि आपण वाचलो हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही.

खून म्हटलं की टोळ्या आणि सुपाऱ्या आठवतात, तो सिनेमाचा परिणाम. 2022 मध्ये 9,962 खुनांमागे साधे वाद होते: जमीन, पैसा, घरातली भांडणं. लुटीसारख्या फायद्यासाठी झालेले 1,884. हुंडाबळींचे 6,450 गुन्हे मात्र खुनाच्या रकान्यात नाहीतच, त्यांचं कलम वेगळं आणि रकानाही वेगळा. ते मिळवले की पस्तीस हजार होतात. घसरणीचं कौतुक करताना ही बेरीज सोडून देणं मला पटत नाही.

खरा चक्रावून टाकणारा आकडा याच्याही पलीकडे आहे. त्याच वर्षी रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, साडेपाच उरणं. आत्महत्या 1,70,924. खुनाची बातमी पहिल्या पानावर येते. आत्महत्या पोलीस ठाण्याच्या ‘अकस्मात मृत्यू’ नोंदीत जाते. महाराष्ट्रात तर तफावत आणखी मोठी: 2022 मध्ये खुनाचे गुन्हे 2,295, दिवसाला सहा. आत्महत्या 22,746, दिवसाला बासष्ट.