जुनी शिडाची होडी घेताना

यांत्रिकीकरणानंतर कोकण किनाऱ्यावर शिडाची जागा इंजिनाने आणि लाकडाची जागा फायबरने घेतली. तथापि, खाडीत व किनाऱ्यालगत जाळे टाकणाऱ्या अल्प भांडवलाच्या मच्छीमारास आजही जुनी लाकडी होडीच परवडते. अशी होडी विकाऊ असल्याचे बहुधा बंदरावरच तोंडोतोंडी कळते. त्यामुळे खरेदीपूर्वीची पारख महत्त्वाची ठरते.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. तळ पाहण्यास हाच काळ योग्य होय. खाऱ्या पाण्यातील कीड लाकूड आतून पोखरते. बाहेरून मात्र फळी शाबूत दिसते. नवा रंग दिलेल्या भागाची विशेष तपासणी करावी. टोकदार हत्यार सहज रुतल्यास फळी कुजली असे समजावे. खिळ्यांभोवतीचा गंज व सांध्यांतील फटीही पाहाव्यात. शीड किंवा डोलकाठी बदलता येते. तळ बदलणे म्हणजे जवळजवळ नवी होडी बांधणेच होय.

कागदपत्रांची पडताळणीही तितकीच आवश्यक आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये सागरी मासेमारीस परवाना लागतो. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात दहशतवाद्यांनी मासेमारी नौकेचाच वापर केला. तेव्हापासून नौकांच्या नोंदणीकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाते. नोंदणी विक्रेत्याच्याच नावे राहिल्यास खरेदीदारास मालकी सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून पूर्ण रक्कम देण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करण्याचा सल्ला पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावकऱ्यांना आवर्जून द्यावा.