बाळ बरं आहे, पण बाळंतीण?

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ते, व्याज सगळं बोलतो. आज जरा वेगळं बोलू या. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या गटातली एक ताई माहेरून बाळंतपण करून परत आली. दुसरी मुलगी झाली होती. लागोपाठ दोन बैठकांना ती आली नाही. नियमाप्रमाणे आम्ही तिच्या नावावर दहा-दहा रुपये दंड लिहिला. तिसऱ्या वेळी बचत मागायला तिच्या घरी गेलो. बाळ गुटगुटीत होतं. सगळ्यांनी बाळाचं कौतुक केलं, चहा घेतला. ती भिंतीला टेकून गप्प बसली होती. सासूबाई म्हणाल्या, "हिला हल्ली कशातच रस नाही, आळस भरलाय नुसता." निघताना आमच्यातली एक सहज म्हणाली, "आणि गं, तुझं कसं चाललंय?" तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "दोन महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं."

तो आळस नव्हता. बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं, म्हणजे एक आजार. आपल्यासारख्या देशांत पाच बाळंतिणींमागे साधारण एकीला असा त्रास होतो. म्हणजे आपल्या प्रत्येक गटात कुणाला ना कुणाला तो होऊन गेलेला असणार. तेव्हा त्याला नाव नव्हतं, एवढंच.

आता एक फरक नीट लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी बऱ्याच जणींना उगाच रडू येतं, चिडचिड होते. शरीरातले हार्मोन्स एकदम कमी होतात, झोप नसते, अंग दुखत असतं. हे दहा-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटले आणि तरी मन उदासच आहे, किंवा वाढतच चाललंय, तर ते साधं नाही. हा त्रास सव्वा महिना झाल्यावर, अगदी बाळ वर्षाचं होईपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो.

ओळखायचं कसं? बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही. जेवणावर वासना नाही. आवडीची मालिका, आवडीची भाजी, माहेरचा फोन, कशातच मन लागत नाही. सारखी धास्ती, "बाळाला काही होईल का?" किंवा उलट, बाळाबद्दल काही वाटतच नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटते. "मी चांगली आई नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. यातलं सगळंच प्रत्येकीला होईल असं नाही. काही जणी रडत नाहीत, नुसत्या चिडतात. काही घरकाम मुकाट्याने करत राहतात, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

घरात काय म्हणतात? "बाहेरचं काही लागलंय, दृष्ट काढा." किंवा, "आम्ही चार-चार पोरं काढली, आमची नाही झाली ही थेरं." दृष्ट काढायची तर काढा, पण दवाखाना टाळू नका. ज्यांनी चार बाळंतपणं काढली, त्यांनी तेव्हा काय सोसलं, तेही एकदा त्यांना विचारा. आमच्या गटातल्या एक आजी या विषयावर पहिल्यांदाच बोलल्या, तेव्हा सगळी बैठक गप्प झाली होती.

हा आजार कुणालाही होऊ शकतो. पण आधी कधी नैराश्य आलं असेल, घरात मारहाण किंवा दारू असेल, मुलगी झाली म्हणून टोमणे मिळत असतील, बाळ आजारी असेल किंवा गेलं असेल, तिथे जास्त लक्ष ठेवा.

करायचं काय? आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाचं वजन झालं की आईच्या मनाचंही त्यांना सांगा. पुढे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीला जाल तेव्हा नर्सताईंशी बोला. डॉक्टर रक्त आणि थायरॉइड तपासतील, कारण त्यानेही थकवा येतो. समुपदेशनाने बऱ्याच जणी सावरतात. काहींना गोळ्या लागतात. अंगावर पाजत असताना घेता येतील अशाही गोळ्या आहेत, फक्त पाजताय हे डॉक्टरांना सांगा आणि गोळ्या मनाने बंद करू नका. 14416 हा सरकारचा टेली मानस क्रमांक आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी रात्रीतून तिला सलग चार-पाच तास झोपू द्यावं. नवऱ्याने बाळ सांभाळलं तर त्याचं काही कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची. "जगावंसं वाटत नाही" असं ती बोलली, बाळाला इजा करण्याचे विचार आले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर एक क्षणही तिला किंवा बाळाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. "मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट तिला मोकळं वाटतं.

आमच्या त्या ताईला बरं वाटायला काही महिने लागले. आम्ही आळीपाळीने दुपारी तिच्याकडे जाऊन बसायचो. गटाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून रीतसर ठराव लिहून तिचा दंड माफ केला. आणि दुसरा ठराव केला: गटातली बाळंतीण बैठकीला आली नाही, तर दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जायचं.

तुमच्याही गटात हा ठराव घ्या. बाळंतिणीकडे गेलात की बाळाला घ्या, पण आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "बाई, तू कशी आहेस?" आणि ती बोलेपर्यंत थांबा.