किल्ली फ्रिजमध्ये

पहाटे ५.१५
नोव्हेंबरचा पहिला शनिवार. थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर दोन मायक्रोफोन आणि त्यांना घालायची केसाळ टोपडी. आमच्या धंद्यात या टोपड्याला ‘मेलेलं मांजर’ म्हणतात. नुसत्या माइकवर वारा आदळला की ट्रक उलटल्यासारखा आवाज येतो, म्हणून हे मांजर. शेजारी गायिका पेंगतेय. आठवडाभर ती शाळेत शिकवते. ढोलवाला सुतार आहे. पाच जणांचा पेगन फोक-रॉक बँड, पहिलाच अल्बम, आणि मी त्यांची ध्वनिमुद्रक. मूळची मिरजेची, आता इंग्लंडात सॉमरसेटला.

६.४०
हॅम वॉलची दलदल. बोरूच्या बनात स्टार्लिंग झोपलेत. आपल्या साळुंकीच्याच कुळातला पक्षी. आमच्याकडे ज्वारीच्या रानात उतरणाऱ्या भोरड्याही त्याच कुळातल्या. उजाडायच्या आधी बनातून नुसती कुजबुज येते, कढईत मोहरी तडतडावी तशी. मग ती एकदम थांबते. कानाला हेडफोन असला तर ही शांतता दचकवते. आणि थवा उठतो. हजारो पंखांचा एकच आवाज, पत्र्यावर वळवाची पहिली सर धावत यावी तसा, डाव्या कानातून उजव्या कानात.

पहिल्या गाण्याची सुरुवात याच आवाजाने करायची असं ठरलंय. चाळीस सेकंद निर्मळ मिळाली. एकेचाळिसाव्या सेकंदाला कुणाच्या तरी कुत्र्याने हजेरी लावली. चाळीस खूप झाली.

८.३०
रेकॉर्डिंग स्टुडिओत नाही, गावच्या सभागृहात. लाकडी जमीन, उंच छप्पर, आवाज छान फिरतो; पण फिरायला त्याला सोबतही बरीच आहे. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, ते उतरवून गाडीत ठेवलं. हीटर घरघरतो, बंद केला. बाहेर मेंढ्या आहेत, त्यांना काय सांगणार! अल्बम सगळा निसर्गावर, आणि माझा निम्मा दिवस जातो निसर्गाला दाराबाहेर ठेवण्यात.

शेवटी स्वयंपाकघरातला फ्रिज. तो बंद करायचा आणि गाडीची किल्ली आत ठेवून द्यायची. ध्वनिमुद्रकांची ही जुनी युक्ती: किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घेताना फ्रिज सुरू करायची आठवण होते. नाहीतर सोमवारी चहाला आलेल्या आज्यांना नासकं दूध मिळतं.

फ्रिजशी माझं वैर शास्त्रशुद्ध आहे. इथली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्याची घरघर १०० हर्ट्झवरही ऐकू येते. हर्डी-गर्डी या वाद्याची आधाराची तार लागते खालच्या जी स्वरात, म्हणजे ९८ हर्ट्झला. दोघं एकत्र वाजली की सेकंदाला दोनदा लाट उठते. फ्रिज सुरात असतो, पण किंचित चढा.

९.१०
हर्डी-गर्डी जुळवणे. पोटाशी धरायची पेटी, तिला दांडा. दांडा फिरवला की लाकडी चाक तारांना घासतं, गज घासावा तसं. चाकाला राळ लावायची आणि तार चाकाला टेकते तिथे तारेला कापूस गुंडाळायचा. कापूस जास्त झाला तर आवाज घोगरा, कमी झाला तर किंचाळी. वाजवणारा पाऊण तास कापूस काढतोय, घालतोय. बाकीचे वैतागलेत, मी नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या जवारीसाठी तारेखाली दोरा सरकवत बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिलीत. केसाइतका दोरा हलला की अख्खी खोली उजळते. इथे दोऱ्याच्या जागी कापूस.

या वाद्यात एक सैल पायाची घोडी असते, तिला ‘कुत्रा’ म्हणतात. मनगटाचा झटका दिला की ती थडथडते आणि सुरातच ठेका निघतो. मांजर बाहेर, कुत्रा आत.

१०.३०
ताल. बौरान हा आयरिश डफ, त्याला बकरीचं कातडं. हीटर बंद, हवा ओली, कातडं ढिलं. ढोलवाला हेअर ड्रायरने ते ताणून आणतो, दोनदा वाजवतो, परत ढिलं. त्याला खरं तर मशाल पेटवून तिची फडफड रेकॉर्ड करायची होती. नॉर्वेच्या वार्डरुना बँडने २००९ मधल्या आपल्या पहिल्या अल्बमसाठी झाडं, दगड, पाणी, मशाली यांचे आवाज वापरले, तेव्हापासून या वर्तुळातल्या प्रत्येकाला मशाल हवी असते. सभागृहाच्या नियमांत मेणबत्तीसुद्धा बसत नाही.

दोन गाण्यांचा ताल झाला. मेट्रोनोमशिवाय. शेवटी लय थोडी वाढते, वाढू दिली.

दुपारी १.००
जेवण: सूप, पाव, स्थानिक चीज. आठ गाणी आहेत, पेगन म्हणजे निसर्गपूजकांच्या वर्षाच्या आठ सणांची: दोन अयनं, दोन संपात, आणि मधले इम्बोल्क, बेल्टेन, लुनासा, साविन. बुझुकीवाला बँडमधला शंकासुर. तो म्हणतो, हे आठ आऱ्यांचं चक्र या रूपात १९५० च्या दशकातलं. चर्चमधल्या पानापानांच्या चेहऱ्याला ‘ग्रीन मॅन’ हे नाव लेडी रॅग्लन यांनी १९३९ मध्ये दिलं. जादूटोण्याविरुद्धचा कायदा रद्द झाला १९५१ ला, आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी जादूटोण्यावर उघडपणे पुस्तक लिहिलं, १९५४ ला. खुद्द त्याचं तंतुवाद्य, बुझुकी, ग्रीसचं; आयर्लंडच्या लोकसंगीतात ती जॉनी मॉयनिहान यांनी १९६० च्या दशकात आणली. “आपल्यात सगळ्यात प्राचीन म्हणजे ही चीजची रेसिपी,” तो म्हणतो.

गायिकेला हे लागत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला, त्यांतली ती एक. पेगन शब्दाचं मूळ लॅटिन ‘पागानुस’, म्हणजे खेडूत. मी त्यांना ‘गावठी’ हा शब्द शिकवला. शिवी म्हणून आणि कोंबडीसाठी कौतुक म्हणून, दोन्ही. त्यांना तो फार आवडला.

१.२०
आईचा फोन. मिरजेत सात वाजायला आलेत.
“जेवलीस का?”
“आत्ताच. आज घुबडाचं गाणं आहे.”
“दिवेलागणीला कसलं नाव घेतेस ग!”

२.१५
दुपारभर घुबडाचंच गाणं. वेल्सच्या मॅबिनोगी या जुन्या कथासंग्रहातली कथा. लेउ या तरुणाला आईचा शाप, की मनुष्यजातीची बायको मिळणार नाही. म्हणून माथ आणि ग्विडियन हे दोघे मांत्रिक ओकचा मोहोर, ब्रूमची पिवळी फुलं आणि मेडोस्वीट यांतून एक बाई घडवतात: ब्लोडाय्वेद. तिला कुणी विचारलेलं नाही. ती दुसऱ्यावर जीव लावते, दोघं मिळून नवऱ्याला मारायला बघतात, आणि शिक्षा म्हणून ग्विडियन तिला घुबड करतो. दिवसाउजेडी तोंड दाखवायचं नाही. बाकीचे पक्षी तिचा दुस्वास करतील. हे गायिकेने सांगितलं तेव्हा मला आईचा मघाचा आवाज आठवला.

नऊ वेळा गायली. सहावी वेळ सगळ्यात सुरेल, आठवीत जीव होता. आठवी ठेवली. अर्थात तिच्यात मेंढी आहे. दोन शब्दांच्या मधली, कापता येईल.

४.३०
अंधारायला लागलं.

६.००
फटाके. आज गाय फॉक्सची रात्र साजरी करतायत, १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याची. तीन गावांतून एकदम बार. रेकॉर्डिंग बंद. लहानपणी दिवाळीत मी स्वतः लक्ष्मी बॉम्ब लावलेत, तेव्हा बोलायला तोंड नाही. सकाळचे स्टार्लिंग संगणकावर घेऊन साफ करत बसले.

रात्री १०.१०
शेवटचं रॉकेट विझल्यावर गायिका आणि मी सभागृहामागच्या ओकखाली. मांजर घातलेले माइक, गोठलेली बोटं. इथल्या टॉनी घुबडाचा पुस्तकातला ‘टुविट-टुहू’ हा एका पक्ष्याचा आवाज नसतोच. लांब, थरथरता हुंकार नराचा. तीक्ष्ण ‘कीविक’ बहुधा मादीचा. गाण्याला हवा होता तो हुंकार. सिनेमात रात्र झाली की जो वाजतो तो.

पाऊण तास नुसती ‘कीविक’. कर्कश, घाईची, दाराची बिजागरी करकरावी तशी. उत्तर कुणाचं नाही.

मी म्हटलं, हुंकार उद्या मिळेल, किंवा माझ्याकडे गेल्या वर्षीचा आहे.
ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “पण तो तर नवरा. गाणं बायकोचं आहे.”
‘कीविक’च घ्यायचं ठरलं.

११.२०
तारा गुंडाळल्या, घड्याळ परत भिंतीवर टांगलं. सगळे गाड्यांशी उभे आणि मी खिसे चाचपतेय. दोन्ही कोट, बॅग, मांजराच्या आतसुद्धा बघितलं. मग आठवलं. किल्ली दुधाच्या बाटलीशेजारी होती. बटण दाबलं, आणि फ्रिज पुन्हा आपला चढा सूर लावून बसला.