‘फाइल सांपडत नाहीं’ — मग पुढें काय?

गेल्या सत्रांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यावर कठीण प्रसंग आला. वर्षभर खपून केलेला प्रकल्प त्यानें संगणकांतील एका आभासी यंत्रांत ठेविला होता. एके दिवशीं तें यंत्र चालविणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ति त्यानें बसविली, आणि पाहतो तों यंत्र उघडेना! आवश्यक फाइल सांपडत नाहीं, अशी सूचना पडद्यावर आली. घाबरून त्यानें तें यंत्र यादींतून काढून टाकलें, व काढतांना ‘सर्व फाइली पुसून टाका’ हा पर्याय निवडिला. पुढें तपास करितां कळलें कीं, हरवलेली वस्तु किरकोळ होती व थोड्या वेळांत परत बसवितां आली असती. प्रकल्प मात्र कायमचा गेला. यांत दोष प्रोग्रामचा नव्हता आणि मुलाचाही नव्हता. अशा वेळीं काय करावें हें आम्हीं त्यास आधीं शिकविलें नव्हतें, हा दोष आमचा. ती उणीव भरून काढावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या पोटांत चालणारा दुसरा संगणक. त्यास स्वतःची पेटी नसते. त्याची स्मृति, त्याचा पडदा, त्याची डिस्क, हें सर्व एका प्रोग्रामनें उभें केलेलें असतें. ही कल्पना आजची नव्हे. आयबीएम कंपनीनें ती १९६० नंतरच्या दशकांत आपल्या मोठ्या संगणकांवर सिद्ध केली, व १९७२ सालीं व्हीएम-३७० ही प्रणाली जाहीर केली. लहान संगणकांसाठीं व्हीएमवेअर कंपनीचा प्रोग्राम १९९९ सालीं निघाला आणि २००७ सालीं व्हर्च्युअलबॉक्स आला. पुढील उदाहरणें आम्ही व्हर्च्युअलबॉक्सचींच घेतों. या विषयांत खऱ्या संगणकाला यजमान व आंतल्या संगणकाला पाहुणा म्हणतात. हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

‘फाइल सांपडत नाहीं’ असें दिसतांच पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, फाइल कोणाची? ती यजमानाची असेल, यंत्राच्या वर्णनाची असेल किंवा पाहुण्याची असेल. या तिहींचे उपाय अगदीं वेगवेगळे आहेत.

प्रथम यजमानाचा विचार करूं. यजमान संगणक लिनक्सवर चालणारा असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला त्या प्रणालीच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नलमध्यें, एक ड्रायव्हर बसवावा लागतो. कुलूप बदललें म्हणजे जुनी किल्ली लागत नाहीं. त्याचप्रमाणें एका कर्नलसाठीं घडविलेला ड्रायव्हर दुसऱ्यास सहसा चालत नाहीं. प्रोग्राम किंवा कर्नल यांपैकीं कांहींही बदललें कीं, तो पुन्हां घडवावा लागतो. तसें झालें नाहीं तर ‘कर्नल ड्रायव्हर बसविलेला नाहीं’ अशी सूचना १९०८ या आंकड्यासह येते. यावर उपाय असा: चालू कर्नलच्या हेडर फाइली, जीसीसी व मेक हीं साधनें आधीं बसवावीं, आणि मग व्यवस्थापकाच्या अधिकारानें ‘व्हीबॉक्सकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. सिक्युअर बूट ही संरक्षक व्यवस्था चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर संगणक आंत घेत नाहीं. तेव्हां त्या ड्रायव्हरवर डिजिटल सही करावी लागते.

यजमान विंडोजचा असेल, तर ‘एमएसव्हीसीपी१४०’ या नांवाची फाइल नसल्याची तक्रार येण्याचा संभव असतो. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस या संचांतील आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या सातव्या मालिकेला २०१९ चा हा संच आधीं बसविलेला लागतो. तो पूर्ण संच मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. तेवढी एक फाइल कोठल्याशा अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेणें म्हणजे रस्त्यांत सांपडलेलें औषध पोटांत घेणें होय.

आतां यंत्राच्या वर्णनाकडे वळूं. प्रत्येक आभासी यंत्राचा एक फोल्डर असतो. त्यांत ‘व्हीबॉक्स’ असा शेवट असलेली एक लहान फाइल असते. यंत्राला स्मृति किती, डिस्क कोणती व ती कोठें आहे, एवढें तिच्यांत लिहिलेलें असतें. खरें काम मात्र ‘व्हीडीआय’ असा शेवट असलेल्या मोठ्या फाइलींत असतें. स्नॅपशॉट घेतले असतील, तर अलीकडचे बदल त्या नांवाच्या पोटफोल्डरांत असतात. यावरून हें उघड होईल कीं, वर्णनाची फाइल बिघडली म्हणून काम बुडालें, असें नव्हे. ती रिकामी झालेली आढळल्यास शेजारीं ‘व्हीबॉक्स-प्रेव्ह’ अशी मागची प्रत आहे कीं काय, तें पाहावें. असल्यास तिची नक्कल करून त्या नकलेला मूळ नांव द्यावें. कधीं कधीं वर्णन शाबूत असतें, पण डिस्क दुसऱ्या जागीं हलविलेली असते. अशा वेळीं फक्त नवा पत्ता दाखविला म्हणजे पुरे.

तिसरी पाळी पाहुण्याची. यंत्र सुरू होतें, पण आंतली प्रणाली अर्ध्यावर थांबते. तेव्हां प्रथम डिस्कच्या कंट्रोलरचा प्रकार बदलला आहे काय, तें तपासावें. तो बदलला असेल, तर आंतल्या विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसत नाहीं. फाइली जागच्या जागीं असूनही हरवल्यासारख्या भासतात. पूर्वींचा प्रकार परत लावावा. सामायिक फोल्डर नाहींसा झाला असेल, तर ‘गेस्ट ॲडिशन्स’ हा संच नव्या आवृत्तीचा बसवावा. विंडोजच्या स्वतःच्या फाइली खरोखरच बिघडल्या असतील, तर आंतील विंडोजमध्यें ‘एसएफसी’ व ‘स्कॅननाऊ’ हे दोन शब्द असलेली आज्ञा द्यावी. ती फाइली तपासून शक्य तेवढ्या दुरुस्त करिते.

परंतु रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षां आधीं पथ्य पाळणें बरें. आवृत्ति बदलण्यापूर्वीं सर्व आभासी यंत्रें पूर्ण बंद करावीं. अर्धवट झोपवून ठेवूं नयेत, कारण जुन्या आवृत्तीनें जपलेली स्थिति नव्या आवृत्तीला वाचतां येईलच, असें नाहीं. यंत्राचा संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावा. ‘एक्स्टेन्शन पॅक’ वापरीत असल्यास तो प्रोग्रामच्याच आवृत्तीचा घ्यावा. प्रोग्राम व कर्नल एकाच दिवशीं बदलूं नयेत, म्हणजे बिघाड कशानें झाला, तें कळतें. आणि कांहीं अडलेंच, तर सूचना अक्षरशः वहींत उतरून घ्यावी. ती वाचल्यावांचून एकही बटण दाबूं नये.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलगा अशी अडचण सांगत आला, तर त्यास रागावूं नये. भीतीपोटीं केलेली घाईच खरें नुकसान करिते. शुभवर्तमानांतील ती बाई सर्वांच्या परिचयाची आहे. दहा नाण्यांतील एक हरवलें, तेव्हां तिनें उरलेलीं नऊ फेंकून दिलीं नाहींत किंवा घरही पाडलें नाहीं. तिनें दिवा लाविला, घर झाडलें आणि सांपडेपर्यंत लक्षपूर्वक शोध केला. आमच्या विद्यार्थ्यांनींही आधीं दिवा लावावा, मग केरसुणी हातीं घ्यावी. त्या मुलाचा प्रकल्प आतां परत यावयाचा नाहीं. परंतु हा लेख वाचून दुसऱ्या एखाद्या मुलाचें वर्षभराचें काम वांचलें, तर त्याचें नुकसान अगदींच वायां गेलें, असें आम्हांस वाटणार नाहीं.