सरहद्दीच्या पलीकडे काय घडले?

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या टाउन्सव्हिल शहरात १९६०च्या दशकात हेन्री रेनॉल्ड्स इतिहास शिकवायला आले. जन्म १९३८चा, टास्मानियातला. रस्त्यावर आदिवासी रोज दिसत, पण शिकवायच्या पुस्तकांत ते जवळजवळ नव्हतेच. १९६८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी रेडिओवरच्या बॉयर व्याख्यानांत नेमक्या याच मौनावर बोट ठेवले होते.

हे मौन मोडायला पुरावा हवा, आणि आदिवासींकडे लेखी दप्तरे नव्हती. रेनॉल्ड्स यांनी गोऱ्यांचीच दप्तरे उघडली: पत्रे, रोजनिश्या, सरकारी अहवाल, गावोगावची वर्तमानपत्रे. एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्यांनी आपल्या हातून झालेल्या हत्या फारशा लपवल्या नव्हत्या. त्या हत्यांवर पडदा नंतरच्या पिढ्यांनी टाकला. जोडीला सहकारी नोएल लूस यांच्यासह त्यांनी वृद्ध आदिवासींच्या आठवणी नोंदवल्या.

यातून १९८१ मध्ये ‘द अदर साइड ऑफ द फ्रंटियर’, म्हणजे गोऱ्यांच्या वसाहतीच्या सरहद्दीची पलीकडची बाजू, हे पुस्तक आले. माझ्या मते त्याचे मोठेपण असे, की त्यातले आदिवासी नुसते मरत नाहीत, तर विचार करतात, डावपेच आखतात. गोरा माणूस पोचण्याआधीच त्याचे लोखंड आणि काच देवाणघेवाणीच्या जुन्या वाटांनी आतल्या मुलखात गेलेली असते. बाटलीच्या काचेपासून भाल्याची टोके घडतात. गोरे म्हणजे परतून आलेले आपलेच मृत नातलग, असेही काहींना वाटते. मग पाणवठे आणि शिकारीची राने मेंढ्या-गुरांनी व्यापली जातात आणि लढा पेटतो. त्यात किमान २०,००० आदिवासी मारले गेले असावेत, असा रेनॉल्ड्स यांचा अंदाज होता. पुढे काही संशोधकांनी एकट्या क्वीन्सलँडसाठीच याहून मोठे आकडे मांडले.

रेनॉल्ड्स यांच्याच विद्यापीठात एडी कोइकी माबो माळीकाम करत. दुपारच्या जेवणाच्या वेळी ते आपल्या मेर बेटावरच्या वाडवडिलांच्या जमिनीबद्दल भरभरून बोलत. कायद्याच्या लेखी ती जमीन सरकारची आहे, हे रेनॉल्ड्स आणि लूस यांना सांगावे लागले. माबोंना ते खरेच वाटेना. १९८२ मध्ये माबो आणि मेरचे आणखी चौघे न्यायालयात गेले. जानेवारी १९९२ मध्ये कर्करोगाने माबो वारले. ३ जून १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी मेरवासीयांचा हक्क मानला. ब्रिटिश येण्याआधी ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती, हा जुना आधार कोसळला. रेनॉल्ड्स यांनी ‘द लॉ ऑफ द लँड’ या १९८७च्या पुस्तकात हाच आधार खोडून काढला होता.

२००२ मध्ये लेखक कीथ विंडशटल यांनी रेनॉल्ड्स आणि इतर इतिहासकारांवर पुरावे फुगवल्याचा आरोप केला. संदर्भ तपासले गेले, काही ठिकाणी चुकाही निघाल्या. तळटिपांची अशी झडती इतिहासाला हवीच. पण सरहद्दीवर युद्ध झालेच नाही, हे त्या झडतीतून सिद्ध होत नाही. पुढे इतिहासकार लिंडल रायन यांच्या चमूने हत्याकांडांचा नकाशाच तयार केला. स्वतःचा बचाव करू न शकणारी सहा किंवा अधिक माणसे मारली गेली असतील, तरच त्यात नोंद होते.

२०१३च्या ‘फर्गॉटन वॉर’ मध्ये रेनॉल्ड्स यांनी विचारले, की परदेशी रणांगणांवर पडलेल्यांचे स्मारक कॅनबेरात उभे आहे, तर आपल्याच भूमीसाठी लढून मेलेल्यांना तिथे जागा का नाही? स्मारकाचा विस्तार होताना सरहद्दीवरच्या हिंसाचाराला तिथे अधिक मोठे स्थान देण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.