घरच्या कॉम्प्युटरला लावा रतीब!

परवा हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनी आल्या होत्या. कोनाड्यात मिटून ठेवलेला लॅपटॉप आणि त्याच्या कडेला लुकलुकणारा हिरवा दिवा पाहून त्या म्हणाल्या, "अहो, हा बंद आहे का चालू?" म्हटलं, "चालू आहे. रात्री अडीचला उठतो, सगळ्यांसाठी ऐकायचं काय काय भरून ठेवतो आणि पुन्हा गप्प पडून राहतो." वहिनींना वाटलं मी थट्टा करतेय. मैत्रिणींनो, थट्टा नाही. हे काम मी स्वतः जमवलंय, आणि त्यात एक न भरून येणारी चूकही केलीय. दोन्ही तुम्हाला सांगायचंय.

मुळात हे सुरू झालं सासूबाईंमुळे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघायचं तेच नेमकं पुसट होतं. ज्या बाईनं पन्नास वर्षं दुपारी आडवं होताना हातातलं पुस्तक सोडलं नाही, तिचं वाचन बंद! मोबाईल दिला, पण काचेवर बोट नेमकं कुठे टेकवायचं? कथा रंगात आली की मध्येच जाहिरात ओरडायला लागायची, आणि कथा संपली की पुढे आपोआप भलतंच काहीतरी सुरू व्हायचं. एकदा मी भाजी घेऊन आले तर त्या कानावर हात ठेवून बसलेल्या. कुठल्यातरी खुनाची बातमी पुन्हापुन्हा चालू होती, आणि ती बंद कशी करायची ते त्यांना दिसत नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, ह्यांना बटणं असलेला, पेन ड्राइव्ह लावायचा साधा स्पीकर द्यायचा. पण त्या पेन ड्राइव्हवर रोज नवीन भरणार कोण? मी? पोळ्या टाकू की फाइली?

तेव्हा माळ्यावरचा जुना लॅपटॉप आठवला. त्यात विंडोज ७ होतं. त्याची देखभाल कंपनीनं १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली, आणि विंडोज १०चीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणजे अशी धडधाकट यंत्रं पुष्कळ घरांत कपाटावर पडून असणार. ती भंगारात देऊ नका. लिनक्स नावाची जी प्रणाली आहे, तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिहायला घेतला. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही सुखानं नांदते. तिची अनेक घराणी आहेत. त्यातलं लिनक्स मिंट आपल्यासारख्यांना सोपं. चार जीबी मेमरी असली की भागतं.

ते पेन ड्राइव्हवर घ्यावं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. सोय अशी, की काही न पुसता आधी नुसतं चालवून बघता येतं. वायफाय लागतंय ना, आवाज येतोय ना, हे सगळं तपासा. साडी दुकानात अंगावर टाकून बघतो ना, तसंच. पसंत पडलं तरच 'इन्स्टॉल' करा, आणि त्याआधी मुलांचे फोटो दुसरीकडे काढून घ्या, कारण डिस्क सबंध धुऊन निघते. मी दुकानदाराकडून जुनी हार्ड डिस्क काढून १२० जीबीची एसएसडी बसवून घेतली. यंत्र एकदम तरुण झालं.

विजेचं तुम्ही विचारणारच. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर ८० वॅट खात असेल, तर दिवसरात्र चालवला की महिन्याला ५७-५८ युनिटं. लॅपटॉप पडदा मिटून १५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे जेमतेम ११ युनिटं. शिवाय दिवे गेले तर त्याची बॅटरी आहेच. मात्र सेटिंगमध्ये 'झाकण मिटल्यावर काही करू नये' असं सांगून ठेवा, नाहीतर झाकण लावलं की तोही झोपतो. आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका. हवा कोंडते, गरम होतो. (मी पाहुणे आले की घालते, ते जाऊ द्या.)

आता मुख्य गोष्ट. रोज प्रसिद्ध होणाऱ्या कथा, गप्पा, व्याख्यानं यांना पॉडकास्ट म्हणतात. प्रत्येक पॉडकास्टची एक यादी असते, तिला फीड म्हणायचं. नवा भाग आला की त्या यादीत वरती त्याची नोंद होते. जीपॉडर नावाचा प्रोग्रॅम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फुकट मिळतो. त्याला ही यादी एकदा दाखवली की नवा भाग आला का ते तो बघतो आणि आला असेल तर उतरवून घेतो. थोडक्यात, आपण गवळ्याकडे रतीब लावतो तसा रतीब लावायचा. मी बारा लावले. दोन सासूबाईंचे, एक ह्यांचा बाजारभावांचा, तीन मुलांचे विज्ञानाचे आणि बाकीचे, खरं सांगते, माझे.

पण गवळ्याला वेळ सांगावी लागते. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येतं, म्हणून मला वेळेचं महत्त्व कुणी शिकवायला नको. घरातलं इंटरनेटही रात्री मोकळं असतं. सगळे मोबाईल निजलेले असतात. लिनक्समध्ये क्रॉन नावाचा एक पहारेकरी आहे. त्याच्या वहीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, एक ओळ लिहायची. ओळीच्या सुरुवातीला पाच खण असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मी ३० आणि २ लिहिलं आणि पुढच्या तिन्ही खणांत चांदण्या काढल्या. चांदणी म्हणजे 'कुठलाही'. झालं, रोज रात्री अडीच वाजता! त्यापुढे काम लिहायचं: जीपॉडरच्या जीपीओ या धाकट्या भावाला आधी यादी ताजी करायला सांगायचं, मग उतरवायला.

इथे मी आठ दिवस अडले. मी स्वतः जीपीओला हाक मारली की तो मुकाट्यानं काम करी. रात्री क्रॉननं मारली की ढिम्म. भाचा फोनवर म्हणाला, "मामी, क्रॉनला त्याचा पत्ता माहीत नाही. पूर्ण पत्ता लिही." खरंच, नुसतं नाव न लिहिता तो प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरात राहतो, तिथपासूनचा पूर्ण मार्ग लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा नव्या कथा हजर! तुम्ही अडलात तर आधी हेच बघा. आणि लॅपटॉप रात्री बंद करायची सवय असेल तर क्रॉन ते काम सोडून देतो, सकाळी उठल्यावर भरून काढत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन म्हणून दुसरा गडी आहे. राहिलेलं काम तो यंत्र सुरू झाल्यावर करतो.

पहाटे पाच वाजता दुसरी ओळ. आरसिंक नावाची आज्ञा सासूबाईंच्या दोन फोल्डरांची पेन ड्राइव्हवर नक्कल करी. नक्कल अगदी आरशासारखी हवी, म्हणजे जुनं तिथूनही जाईल, म्हणून मी तिला 'इथे नसेल ते तिथूनही पूस' असंही सांगून ठेवलं होतं. सकाळी पेन ड्राइव्ह काढून स्पीकरला लावायचा, एवढंच माझं काम. स्पीकरच्या सुरू करायच्या बटणावर मी एक फुगीर टिकली चिकटवली. सासूबाईंचं बोट बरोबर तिथे जाई.

दिवाळीत हे सुरू केलं. पाडवा जवळ आला तेव्हा एका रात्री लॅपटॉप उघडला, तर पासवर्ड घातला की पुन्हा पासवर्डच मागे. आत घेईनाच. डिस्क काठोकाठ भरली होती. हिशेब नंतर केला. एक तासाचा साधा आवाज साधारण ५८ एमबी. बारा रतिबांचे मिळून रोज सातशेच्या आसपास. मोकळी जागा होती १०० जीबी. पाच महिने पुरले नाहीत! जीपॉडरमध्ये जुने भाग आपोआप पुसायची सोय आहे हो, पण ती ऐकून झालेल्यांसाठी. आम्ही ऐकतो स्पीकरवर आणि मोबाईलवर. त्या बिचाऱ्याच्या लेखी पाच महिन्यांत घरात कुणी काहीच ऐकलं नव्हतं. टाकीला नळ लावला होता, आतला बॉलकॉक लावायचा राहिला होता.

रात्रीचे अकरा वाजलेले. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की काळा पडदा येतो आणि तिथून आत जाता येतं, एवढं मला ठाऊक होतं. गेले. आणि उतरवलेल्या गोष्टींचा सगळा फोल्डर एका आज्ञेत पुसून टाकला. त्या काळ्या पडद्यावर 'खात्री आहे का?' असं कुणी विचारत नाही, आणि तिथे पुसलेलं केराच्या टोपलीतही जात नाही. यंत्र सुरू झालं. मी शहाणी म्हणून झोपले.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आज ह्यांचा हरिपाठ लागत नाही गं."

माझ्या पोटात खड्डा पडला. मामंजी पहाटे हरिपाठ म्हणत, तो कोणीतरी साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेऊन ठेवला होता. ती कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती, आणि स्पीकरवर सहज जावी म्हणून सासूबाईंच्या कथांच्या फोल्डरातच ठेवली होती. पेन ड्राइव्हवर ती रात्री अकरालासुद्धा होती. मी तेव्हा आठवण ठेवून तो नुसता उपसून काढला असता तरी वाचली असती! पण अडीचला क्रॉननं नवा रतीब घातला, पाचला आरसिंकनं आरसा धरला, आणि इथे नव्हतं ते तिथूनही पुसलं. दोघांनीही मी सांगितलेलंच केलं. दुकानदार म्हणाला, एसएसडीवरून पुसलेलं परत मिळणं फार अवघड, त्यात वर नवीन भरलेलं. आणि कॅसेट? बुरशी आली होती म्हणून मीच टाकून दिली होती. "आता कॉम्प्युटरवर आहे ना!"

वन्संना कधीतरी मोबाईलवर त्यातला तुकडा पाठवला होता. तो त्यांच्याकडे निघाला. सहा मिनिटांचा. सासूबाईंना ऐकवला. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. रात्री दूध घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "मध्ये एकदा ते खोकले होते बघ. आणि मग 'पाणी दे गं' म्हणाले होते. तेवढं आलंय का त्यात?"

नव्हतं आलेलं.

म्हणून आता सांगते ते नीट ऐका. आपोआप भरणाऱ्या आणि आपोआप रिकाम्या होणाऱ्या फोल्डरात घरचं काही ठेवू नये. आरशातली नक्कल म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे. घरच्या माणसांचे आवाज, फोटो दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावेत, आणि त्यातला एक दुसऱ्या घरी असावा. आमचा आता वन्संकडे असतो. मूळ कॅसेट बुरशी आली तरी टाकू नये.

आणि बॉलकॉक लावा. फाइंड नावाची आज्ञा आहे. तिला सांगायचं, या फोल्डरातली दहा दिवसांपेक्षा जुनी फाइल दिसली की पूस. ही ओळही क्रॉनच्या वहीत जाते. पण पहिल्यांदा 'पूस' न लिहिता नुसती यादी मागा. यादी वाचा, सावकाश वाचा, आणि मगच 'पूस' लिहा. दहा दिवसांचा माल म्हणजे सातेक जीबी, त्याच्या वर आता आमची टाकी जात नाही.

वहिनींनी त्या दिवशी निघता निघता हळूच विचारलंच, "मग नवे सिनेमे पण रात्रीतून येतील का हो?" येतात. असे रतीब लावणारे प्रोग्रॅमही आहेत. पण मी ते लावत नाही. पॉडकास्टवाले आपणहून उतरवायला देतात, लिब्रिव्हॉक्सवरची पुस्तकं स्वयंसेवकांनी वाचून सगळ्यांना मोकळी केलेली असतात. सिनेमा तसा नसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे, आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. व्हिडिओ साइटवरून उतरवणारी यूट्यूब-डीएल नावाची प्रसिद्ध आज्ञावली २०२० साली ऑक्टोबरमध्ये संगीत कंपन्यांच्या तक्रारीवरून काढली गेली आणि नोव्हेंबरात परत आली. म्हणजे सुरी ठेवायला हरकत नाही, काय चिरता ते बघा. त्या साइटींचे स्वतःचे नियमही असतात, तेही वाचावेत. वहिनींचं तोंड जरा उतरलं. मग म्हणाल्या, "बरं, कथा तरी?"

त्यांच्या सासऱ्यांसाठी येत्या रविवारी लावून द्यायचं कबूल केलंय. त्यांना म्हटलंय, जुना लॅपटॉप, आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणि घरात असतील नसतील त्या सगळ्या कॅसेटी काढून ठेवा. फुगीर टिकल्या मी आणते.