अंगठ्याएवढं अंतर

अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल असो की मुलुंडचं प्रियदर्शिनी, सकाळच्या बॅचला मुलांना घेऊन आलेल्या पालकांच्या बोलण्यात दोन वाक्यं हमखास येतात. ‘दहावीपर्यंत चमकला तर ठीक, नाहीतर पोहणं सोडायचं.’ आणि दुसरं, ‘एकदा पदक आलं, नोकरी लागली, की काळजी मिटली.’ या समजुतींवर विसंबून घरोघरी निर्णय होतात, म्हणून कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची कारकीर्द जरा जवळून पाहायला हवी.

आधी नोकरीचं. वीरधवल 2008 मध्ये सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. 1986 मधल्या खजानसिंगच्या रौप्यानंतर तब्बल 24 वर्षांनी भारताला एशियाडमध्ये जलतरणाचं पदक मिळालं. राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं. गोष्ट इथं सुफळ संपूर्ण झाली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तहसील कार्यालयाचा दिवस आणि सकाळ-संध्याकाळचा सराव यांचा मेळ बसत नाही. ऐन उमेदीच्या वर्षांत त्याचा सराव तुटला. नोकरीनं पोटाची सोय होते, पण सरावाचे तास ती देत नाही. ते रजेच्या रूपानं वेगळे मिळवावे लागतात.

आता वयाचं. ऑगस्ट 2018, जकार्ताची आशियाई स्पर्धा, 50 मीटर फ्रीस्टाइल. प्राथमिक फेरीत 26 वर्षांच्या वीरधवलनं 22.43 सेकंद वेळ दिली आणि 2009 मधला स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. नऊ वर्षांपूर्वी पोहला होता त्याहून वेगानं! अंतिम फेरीत त्याला 22.47 सेकंद लागले, जपानच्या शुनिची नाकाओला 22.46. कांस्य तिकडे गेलं. या वेगात शतांश सेकंदात शरीर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर पुढं सरकतं. हाताचा अंगठा आडवा धरून पाहा, साधारण तेवढंच. सकाळचीच वेळ पुन्हा दिली असती तर पदक त्याचं होतं. मला हे अजूनही लागतं.

‘राष्ट्रीय सुवर्ण म्हणजे ऑलिम्पिकचं तिकीट’ हाही भ्रमच. तिथं घड्याळ बोलतं. थेट पात्रतेची ‘अ’ वेळ गाठणारा पहिला भारतीय साजन प्रकाश, तोही 2021 मध्ये, रोमला. शिवाय ही वेळ 50 मीटरच्याच तलावातली लागते. सोसायटीच्या किंवा क्लबच्या 25 मीटरच्या तलावात वळणं जास्त असतात, प्रत्येक वळणावर भिंतीला रेटा देता येतो आणि वेळ कमी भरते. ती वेळ धरून स्वप्नं रंगवू नयेत. धरमतर ते गेटवे पोहणाऱ्या मुलांचं कौतुक जरूर करावं, त्याला मोठी जिगर लागते. पण ऑलिम्पिकमधली खुल्या पाण्यातली शर्यत 10 किलोमीटरची असते आणि तिची पात्रता निराळी.

वीरधवल निवृत्त झाला तो 2023 मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. महिलांचं त्याच अंतराचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिनं जिंकलं. तेव्हा पालकहो, दहावीच्या वर्षी मुलाचं किंवा मुलीचं पोहणं बंद करण्याआधी एकदा प्रशिक्षकांजवळ बसा आणि गेल्या दोन वर्षांतल्या वेळा मागून बघा.